हाळी

"ताई, मशीनला हात लावायचा नाही. इथं माल माथाडीच उचलणार."

प्रदर्शनाच्या दारात शेडगे मुकादमांनी मला पुन्हा अडवलं. भाकरी थापायचं हे मशीन मी बार्शीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः जोडलं होतं, टेम्पोत चढवताना खांदाही दिला होता. दुपारी उद्घाटन, आणि मी माझ्याच मशीनपासून लांब उभी. नुसती धुसफुसत होते.

टोळीनं मशीनखाली दांडे सरकवले. मुकादमांनी हाळी दिली, सगळ्यांनी एकदम उचललं आणि मशीन एका अंगाला कललं.

"ठेवा खाली," मी ओरडले. "मोटार डावीकडं आहे, सगळं वजन तिकडंच."

त्यांनी अलगद टेकवलं. आता हे मला बाहेर काढणार, असं वाटलं. मुकादमांनी मात्र दोन गडी डावीकडं घेतले आणि स्वतःही तिकडच्या दांड्याला खांदा लावला.

"हाताला मनाई आहे, तोंडाला नाही," ते म्हणाले. "हाळी तुम्ही द्या."

माझी पहिली हाळी पुटपुटल्यासारखीच निघाली.

"जोरात, ताई," मागून कुणीतरी म्हणालं. "भाकरीचं असलं तरी लोखंडच आहे."

मग मी पोटातून हाळी दिली. सगळे खांदे एकदम उठले. वर भरलेला तांब्या ठेवला असता तरी हिंदकळला नसता, असं मशीन सरळ चाललं.

स्टॉलवर ते टेकलं. धूळ पुसायला माझा हात पुढं गेला आणि मध्येच थांबला.

"लावा की," मुकादम घाम पुसत म्हणाले. "पुढल्या खेपेला याहून जड आणा. हाळी देणारी मिळालीय."