स्टेजखालचा शाफ्ट

लग्नातलं फिरतं स्टेज खुद्द नवरीने डिझाइन केलं होतं. मशीन डिझायनरच ती! स्टेजखालचा शाफ्ट किती भार पेलेल, हे तिने हळद लागल्यावरही पुन्हा तपासलं होतं.

ग्रुप फोटोसाठी सासरची मंडळी वर चढली. थोरल्या काकांना बोलवायचं मात्र राहिलं. ते न जेवताच चपला शोधायला लागले. "चालू द्या तुमचं, आम्हाला कोण विचारतंय!" सासूबाईंचा चेहरा पडला.

फिरू लागलेलं स्टेज नवरीने थांबवायला लावलं. "काका, पटकन या! सगळे डावीकडेच उभे आहेत, भार एका बाजूला येतोय. उजवीकडे तुम्ही उभे राहिला नाहीत, तर शाफ्ट वाकेल."

"मग आधी नाही का सांगायचं?" चपला तिथेच टाकून काका वर चढले आणि मोठ्या जबाबदारीने पाय रोवून उभे राहिले. स्टेज पुन्हा फिरू लागलं. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला.

नवरदेव घाबरून कुजबुजला, "काका आले नसते तर खरंच वाकला असता?"

"छे! दोन्हीकडचे रुसणारे गृहीत धरूनच बनवलाय मी तो," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "तू हस आता."