छपरावरची आजी

"आजी, आधी खाली या! मग बोलू."

"तू वर ये. मग बोलू," म्हातारी छपरावरून म्हणाली.

सुताराने कपाळाला हात लावला. वादळात सापडलेल्यांना मदत करायला आलेल्या बसमधून तो नुकताच, सगळ्यांच्या शेवटी, डोळे चोळत उतरला होता. गल्लीभर चिखल, आडवी झाडं, उघडी पडलेली घरं. आणि पहिल्याच घरावर ही सत्तरीची बाई, पदर खोचून, पत्र्याचं टोक धरून बसलेली. घर मोडलं की माणूस हट्टाला पेटतं, जरा सांभाळून घ्या, असं निघताना बायकोने त्याला बजावलं होतं.

दारात एक ओली बाळंतीण बाळाला घेऊन उभी होती. "दादा, मी केव्हाची विनवतेय. आजी ऐकतच नाहीत हो."

"ऐकू कशाला? आभाळ बघ कसं भरलंय. लेकराच्या डोक्यावर काय धरशील, ताट?"

सुतार मुकाट्याने शिडी चढला. हिच्याशी वाद घालण्यापेक्षा खिळे ठोकणं सोपं होतं. म्हातारी पत्रा दाबून धरी, तो ठोके. मध्येच ती दटावी, "बेताने रे! बोट चेचलंस तर तुझ्या आईला काय सांगू?"

शेवटचा पत्रा उरला आणि वारा सुटला. पत्रा फडफडत उचलला गेला. सुताराचा पाय घसरला. वाशाला लोंबकळत त्याने मान वर केली, तर म्हातारी त्या पत्र्यावर सपशेल पालथी पडलेली.

"लोंबकळतोस काय? ठोक!"

तो कसाबसा वर आला आणि जीव खाऊन ठोकत सुटला. शेवटचा खिळा बसतो न बसतो तोच पाऊस कोसळला.

दोघं खाली आले ते नखशिखांत भिजून. घरात मात्र थेंब नव्हता. बाळ गाढ झोपलं होतं. शेजारीपाजारी टाळ्या पिटत धावले. कुणीतरी म्हातारीला चक्क खांद्यावर उचललं.

सुताराचा ऊर भरून आला. "जिंकलात, आजी! आता आपल्या घरात निवांत पाय पसरा."

"पसरेन की, घरी पोचल्यावर," खांद्यावरून म्हातारी म्हणाली. "पण परतीच्या बसमध्ये तू मागे बस हो. येताना तुझ्या घोरण्यापायी माझा डोळ्याला डोळा लागला नाही."