गावाचं म्हणणं

तिसरा माणूस बोलायला उठला, तेव्हाही अर्जुनरावांनी मान वर केली नाही.

"माझं सोताचं काय न्हाई," कोंडाजी म्हणाला. "पण लोक बोलत्यात. विधवा पोर दिवसभर परक्या गडीमाणसांत. उद्या आमच्या पोरींना बघायला पाहुणे आले, तर त्यांना काय सांगायचं?"

चावडीसमोर भावकीतले तीसेक पुरुष बसले होते. विषय अर्जुनरावांच्या बहिणीचा, इंद्रायणीचा. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. मराठी चौथी शिकलेली. तीन महिन्यांपूर्वी पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात तिला काम लागलं होतं. पांढरा कोट घालायचा, रिकामी बाटली उजेडासमोर धरायची आणि तडा किंवा कचरा दिसला तर बाजूला काढायची. गावातून कारखान्यात जाणारी ती पहिलीच बाई.

"मलाबी तसं काय वाटत न्हाई," सोपानराव म्हणाले. "पण चारचौघांचं ऐकाय लागतं."

बैठक दत्तोबांनी बोलावली होती. भावकीत तेच सगळ्यांत वडील. कोणीतरी विचारलं, "आबा, तुमचं काय?"

"माझं काय इचारता? गाव म्हनंल ते."

मग आणखी पाच-सहा जण बोलले. कोणी आवाज चढवला नाही, कोणी शिवी दिली नाही. शेवटी दत्तोबांनीच सांगितलं, "अर्जुना, आठ दिसांत तिचं काम सुटलं पायजे. न्हाई तर भावकी तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाई."

अर्जुनरावांच्या थोरल्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. भावकी आली नाही, तर मांडवात उभं कोण राहणार होतं?

घरी आले तेव्हा इंद्रायणी ओसरीवर बसली होती. तिच्या कानावर सगळं आधीच आलं होतं.

"दादा, लोकांचं कळलं. तुला काय वाटतं?"

पहिल्या आठवड्यात अर्जुनराव एकदा तिला न सांगता पिंपरीला गेले होते. कारखान्याच्या फाटकापासून लांब उभे राहिले होते. सुट्टी झाली आणि इंद्रायणी दोघी बायकांबरोबर बाहेर आली. ती हसत होती. चार वर्षांत तिला असं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. ते तसेच परत फिरले होते आणि वाटेत दोनदा त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझ्या वाटन्यानं काय हुतंय?" ते म्हणाले.

"हुतंय की. तू नको म्हनालास तर मी सोडीन. लोकांसाठी न्हाई सोडायची."

अर्जुनराव उठून गोठ्यात गेले.

तिसऱ्या दिवशी न्हावी त्यांच्या दारावरून न थांबता पुढे गेला. पाचव्या दिवशी विहिरीवर त्यांच्या बायकोला बघून बायकांचं बोलणं थांबलं. सातव्या दिवशी ताथवड्याहून व्याह्यांचा निरोप आला. एवढाच, की ऐकलं ते खरं का?

त्या दिवशी अर्जुनराव जेवले नाहीत. संध्याकाळी बहिणीसमोर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सोड, बाई."

तिने कोटाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

आठव्या दिवशी दोघं कारखान्यात गेली. कामगार भरतीचं काम बघणारे उद्धवराव साताऱ्याकडचे होते. त्यांनी राजीनाम्याचा कागद दोनदा वाचला.

"इंद्रायणीबाई, या तीन महिन्यांत तुमच्या हातून एकही फुटकी बाटली पुढे गेलेली नाही. ही तुमची मर्जी आहे?"

तिने भावाकडे पाहिलं. अर्जुनराव भिंतीकडे बघत होते.

"व्हय, साहेब."

"विचार करून सांगा. तुमच्या जागेवर चिंचवडची एक बाई आजच रुजू होईल. उद्या परत आलात, तर माझ्या हातात काही नसेल."

"व्हय," ती पुन्हा म्हणाली. तिने स्वच्छ अक्षरात सही केली. उद्धवरावांनी शिक्का मारला.

"कोट आणि पास पलीकडच्या खिडकीवर जमा करा."

ती बाहेर गेली. अर्जुनराव नमस्कार करून निघणार, तोच उद्धवराव म्हणाले, "म्हणजे आता तुमच्या गावची गाडीही रद्द करावी लागणार."

"कसली गाडी?"

"सोमवारपासून बायकांना ने-आण करायला लावणार होतो."

"एका बाईसाठी गाडी?"

उद्धवराव घुटमळले. मग त्यांनी खणातून अर्जांचा गठ्ठा काढला. "गावात कळू देऊ नये, असं प्रत्येकानं बजावलंय. पण आता लपवून काय उपयोग? गेल्या महिन्यात आले हे. अकरा आहेत."

अर्जुनराव अक्षरं लावत एकेक नाव वाचू लागले. कोंडाजीची थोरली मुलगी. सोपानरावांची बायको. चावडीसमोर बोललेल्यांपैकी एकही घर सुटलं नव्हतं. सगळ्यांत खाली दत्तोबांच्या सुनेचा अर्ज होता, त्यावर खुद्द दत्तोबांचा अंगठा.

त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "मग गाडी रद्द कशापायी? या अकरा जणी हायत की."

"त्यांची सगळ्यांची अट एकच आहे," उद्धवराव म्हणाले आणि त्यांनी दत्तोबांच्या अंगठ्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

'आमच्या गावची इंद्रायणी सोबतीला असेल, तरच सुनेला पाठवू.'