झाकणांचं टेबल

"जेवून तरी जा," शकूमावशी म्हणाली. "उपाशी पोटी कोण नोकरी सोडतं?"

शिवांगीने खांद्याला अडकवलेली पर्स परत खुंटीला लावली. हाटकेशमधल्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यातला तिचा तो तिसरा दिवस. काम म्हणजे झाकणं तपासायची. एक झाकण उचलायचं, ट्यूबलाइटखाली फिरवून डाग आणि पोचा बघायचा, कडेवरून बोट फिरवून धार लागते का बघायची, नमुन्याच्या डब्यावर बसवून बघायचं. मग पुढचं झाकण. दिवसाला बाराशे. बी.कॉम. झालेल्या शिवांगीला आता स्वप्नातही झाकणंच दिसायला लागली होती.

मावशीने तिच्या ताटलीत तळलेली मांदेली वाढली. शकूमावशी उत्तनची. अकरा वर्षं त्याच टेबलावर, त्याच स्टुलावर.

"मावशी, तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"कंटाळा? तू दिवसातून आरशात किती वेळा बघतेस?"

"चार-पाच वेळा."

"मी बाराशे वेळा बघते. कुठल्या हिरोईनीला तरी जमतं काय?"

शिवांगी हसली आणि संध्याकाळपर्यंत थांबली. निघताना मावशीने तिचा हात धरला. "उद्या येशील ना गं?" चेहरा इतका काळजीचा, की शिवांगीला नाही म्हणवेना.

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा पर्स उचलली. या वेळी मावशीने तिला टेबलाशीच अडवलं.

"हे बघ, हात कामाला, डोकं मोकळं. अशी नोकरी कुठं हाय? मी इथं बसल्या बसल्या माझ्या लेकीचं, रीमाचं, अख्खं लग्न मनात लावलं. मांडवापासून पाठवणीपर्यंत. जेवणात कोलंबी कमी पडली, म्हणून दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून लावलं."

"आणि खरं लग्न?"

"ते अजून ठरलेलं न्हाय."

शिवांगीनेही करून पाहिलं. नवघरची आपली दोन खोल्यांची जागा तिने मनातल्या मनात रिकामी केली आणि समुद्र दिसेल असा फ्लॅट बांधायला घेतला. बुधवारी स्वयंपाकघराच्या टाइल्सचा रंग ठरेना. म्हणून गुरुवारी यावंच लागलं. शनिवारी बाल्कनी झाली. बाल्कनीत झोपाळा हवाच होता, त्यामुळे सोमवारही गेला.

"आणि एक सांगते," मावशी अधूनमधून म्हणायची, "झाकण कधी घरी फोन करतं का? साहेब लोकांना विचार जरा."

दुसऱ्या महिन्यात शिवांगी तापाने दोन दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शकूमावशी उत्तनहून दोन बस बदलून नवघरला हजर. हातात चिंबोऱ्यांच्या गरम कालवणाचा डबा. शिवांगीच्या कपाळाला हात लावून तिने तीनदा विचारलं, "तापच हाय ना? दुसरं काही न्हाय ना तुझ्या मनात?"

ती गेल्यावर शिवांगीची आई, मिनल, म्हणाली, "सख्खी मावशी एवढं करत नाही गं."

तिसऱ्या महिन्यात नव्या साच्यातली झाकणं आली. दिसायला एकदम चकाचक. शिवांगीने एक डब्यावर बसवलं आणि ती थबकली. परत बसवलं.

"मावशी, हे टप् करतंय. आपलं रोजचं टक् करतं."

मावशीने कान लावला. तिला दोन्ही सारखीच वाटली. तरी ती तडक उठली आणि मालक हितेशभाईंना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी मापून पाहिलं. साचा केसभर मोठा निघाला होता. डब्यात वरण भरून कुणी बसमध्ये चढलं असतं, तर शेजाऱ्याची पँट पिवळी झाली असती. अडीच हजार झाकणं टेम्पोत चढता चढता थांबली.

"शकूबेन, ये लडकी तो हीरा है!" हितेशभाई म्हणाले.

शिवांगीला त्या दिवशी घरी जाताना पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. कॉलेजात तीन वर्षं काढली, पण कुणी असं काही म्हटलं नव्हतं. रात्री तिने घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं वाजवून पाहिली आणि त्यातले चार डबे आईला भंगारात द्यायला लावले.

त्याच आठवड्यात गोरेगावच्या एका ऑफिसातून फोन आला. आधी कधीतरी तिने तिथे अर्ज केला होता. एसी, फिरणारी खुर्ची, शनिवार-रविवार सुट्टी. शिवांगीने दोन दिवस विचार केला आणि जेवणाच्या सुट्टीत मावशीला सांगितलं.

मावशीच्या हातातला घास हातातच राहिला. "मग?"

"नाही म्हटलं त्यांना. मी इथेच राहणार."

"नक्की?"

"नक्की."

"तोंडी सांगितलंस की लिहून?"

"ईमेल केला मावशी. त्यांनी दुसरी मुलगी घेतलीसुद्धा."

शकूमावशीने खरकट्या हातानेच तिला मिठी मारली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शिवांगीही रडायला लागली. "तुमच्यामुळे मावशी," ती म्हणाली. "कामात काय बघायचं असतं, ते तुमच्यामुळे कळलं मला."

मावशीने तिचे गाल पुसले, हात धुतले, पदर सारखा केला आणि हितेशभाईंच्या केबिनचं दार लोटून ती आत गेली.

"शेठ, पोरगी टिकली. आधीच्या सात पळाल्या, ही आठवी," ती म्हणाली. "माझ्या जागी माणूस मिळाल्याशिवाय टेबल सोडणार न्हाय असा शब्द दिलेला तुम्हाला. पाळला. आता उद्यापासून मी न्हाय येणार. अजून एक जरी झाकण बघितलं ना, तर वेड लागंल मला."