शेपटीची आठ पिसं

तानाबाईच्या काखेतल्या कोंबड्याला शेपटी नव्हती. सकाळी ती वावरात गेली तेव्हा होती, दुपारी परतली तेव्हा नव्हती. शोध घ्यायची गरज पडली नाही. गल्लीत पिसांचं काम पडणारा माणूस एकच, आणि तो शेजारच्या ओसरीत बसला होता.

नीरजनं या कामासाठी रजा टाकली होती. टेबलाला छोटा शिकंजा, शिकंज्यात गळ, आणि गळावर तो दोऱ्यानं पीस गुंडाळत होता. मासा फसावा म्हणून केलेली, पाण्यात दगडाखाली राहणाऱ्या किड्याची ही नक्कल. निम्फ म्हणतात तिला. मोबाइलवर बघून शिकायला लागून बारा दिवस झाले होते. तीन वेढ्यांचं काम तो नऊ वेढ्यांत करी, त्यामुळे त्याचा प्रत्येक किडा पंगतीतून उठल्यासारखा दिसे.

"हे तूनं केलं?"

"मावशी, आठच उपटली."

"राह्यली किती मंग?"

नीरजनं कोंबड्याकडे पाहिलं आणि हिशेब सोडून दिला.

"मरीमायचा आहे हा! उद्याचा मंगळवार ठरला. रूपाचं पहिलं लेकरू गेलं, तवाच बोलली होती मी. पुढच्या वेळी सातवा लागला की हाच देईन. अंगानं साबूत. एक नख तुटलं तरी चालत नाई!"

रूपा तिची लेक. सातवा लागला होता. डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलं होतं, आणि ती कुंपणापलीकडे खाटेवर पडून सगळं ऐकत होती.

"दुसरा आणून देतो. याच्याहून मोठा."

"उज्वला!" तानाबाईनं घरात आवाज दिला. "तुया नवऱ्याच्या बदल्यात दुसरा आणून दिला तं चालन का व? याच्याहून मोठा?"

"दाखवा तं आधी," उज्वला आतून म्हणाली.

तानाबाई हसली नाही.

"पिसं परत येतात, मावशी. तीन महिन्यांत."

"पोरगी थांबन का तीन महिने?"

शिकलेला माणूस अडकला की विज्ञानाच्या आडोशाला जातो. नीरजही गेला. "अन् देवी काय पिसं मोजत बसते?"

तानाबाईनं टेबलावर असा हात मारला की डबीतले गळ जमिनीवर सांडले. "देवी नाई मोजत. मी मोजते! लेकरू मांडीवर घेऊन मीच बसली होती रे, दवाखान्यातून घरापर्यंत. तू नव्हता."

नीरज वाकून गळ वेचू लागला. मग त्याला सुचलं, आणि सुचलं याचा आनंदही झाला.

"थांबा. सहा पिसं अजून चांगली आहेत. बारीक दोऱ्यानं जागच्या जागी बांधून देतो. वरून वार्निशचा थेंब. कोणाले दिसणार नाई."

तानाबाईनं टेबलावरचा एक किडा दोन बोटांत उचलला. "हे काय आहे?"

"पाण्यातला किडा. खोटा."

"मासोयी फसते याले?"

नीरज दोरा चाचपू लागला.

"बारा दिवस झाले, मावशी," उज्वला आतून म्हणाली. "एक नाई लागली."

"मंग? मासोयीले खोटं कळते, अन् मरीमायले नाई कळणार?"

तिनं किडा जागेवर ठेवला. कोंबडा दुसऱ्या काखेत घेतला. "उद्या सकाळी आंघोळ करून येजो. कोंबडा मी धरते. शेपटी कुठं गेली, ते तिले तू सांगजो."

"मी? मी तर मानतही नाही, मावशी."

"मी मानायले नाई बोलावून राह्यली. सांगायले ये म्हटलं."

ती गेली. नीरजनं पुन्हा दोरा धरला. दोनदा तुटला. तिसऱ्यांदा त्यानं तो बांधलाच नाही. उठला, चपला न घालता कुंपणापर्यंत गेला.

"मावशी," त्यानं हळू विचारलं, "रूपाले बाळंतपणाची तारीख कोणती दिली डॉक्टरनं? त्या दिवशीची रजा टाकून ठेवतो."