माझ्या घरात

माझं काम दुभाष्याचं. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, हेडफोन लावायचा आणि समोरचा बोलेल ते लगेच आपल्या भाषेत सांगायचं. तो ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘ते म्हणतात’ म्हणून हात झटकायची सोय नाही.

त्या दिवशी परिषदेत मदतीच्या धान्याची जहाजं कुठल्या दुष्काळी देशात पाठवायची ते ठरणार होतं. आदल्या दिवशीच आईचा फोन आला होता. “दादाचं बाळ आता रडतसुद्धा नाही गं.”

“थोडी कळ काढ,” मी म्हटलं. “उद्या आपले मंत्री बोलणार आहेत.”

मंत्री उठले. आपली भाषा टाकून अस्खलित परदेशी भाषेत बोलायला लागले, आणि त्यांच्या मागोमाग माझ्या तोंडून निघत गेलं, “आम्ही कुणापुढे हात पसरत नाही. माझ्या घरात कुणीही उपाशी झोपत नाही. जहाजं दुसरीकडे न्या.” सभागृहात टाळ्या पडल्या. माझी जीभ काही झडली नाही.

संध्याकाळी घरी फोन लावला.

“रेडिओवर ऐकलं,” आई म्हणाली. “सगळ्या शेजाऱ्यांना मीच बोलावलं होतं. म्हटलं, माझी पोर आहे तिथे. तुझा आवाज सगळ्यांनी लगेच ओळखला.”

“आई, ते मी नाही गं बोलले, ते मंत्री…”

ती हळूच म्हणाली, “तुझ्या घरात कुणी उपाशी नाही ना? मग आम्ही कोण गं तुझे?”