टेकडीवरची करवत

त्याची सॉ मिल चाकांवरची होती. झाड जिथे पडेल तिथे ती ओढून न्यायची आणि ओंडक्याच्या फळ्या पाडून द्यायच्या. यंदा मुक्काम टेकडीसमोर होता.

तिथला प्रतिध्वनी उलटा होता. त्याने मशीन चालू करायच्या आधीच टेकडीतून करवत ऐकू येई. तिकडे पातं खिळ्यावर किंचाळलं, की इथे तो हात वर करी, "थांबा, आत खिळा आहे!" कोरून पाहिलं, की खिळा निघायचाच. महिनाभरात एकही पातं तुटलं नाही. लोक उस्ताद म्हणू लागले. टेकडीबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. वीस वर्षं नाकातोंडात भुसा गेलाय, एवढा मान आपल्या हक्काचाच.

आज भर दुपारी बघे जमले होते. त्याने ऐटीत कान टवकारले. टेकडीतली करवत साफ कापत गेली. ना खिळा, ना गाठ. मग त्याचाच आवाज ओरडला, "अगं, मागे हो!"

टेकडी गप्प झाली.

इथे तर सगळे पुरुषच होते. तो स्वतःशीच हसला आणि त्याने इंजिनाची दोरी ओढली.

पातं ओंडक्यात अर्ध्यावर आलं, तशी गर्दी बाजूला झाली. मिलवर कधी न फिरकलेली त्याची बायको डबा घेऊन थेट पात्यापाशी आली.

"सगळे तुमचंच कौतुक करतात!" इंजिनाच्या धडधडीत ती ओरडून म्हणाली आणि कौतुकाने खाली वाकली. "म्हटलं, आज जवळून बघावं!"

आपण आता काय ओरडणार आहोत, हे त्याला ठाऊक होतं.